वक्ता क्रमांक तीन

आमच्या सोसायटीच्या सभेत सगळे एकदम बोलतात, आणि आठ दिवसांनी विचारायला जावं तर कोणीच काही बोललेलं नसतं. नंदनवन वस्तीत सोळा फ्लॅटची आमची बिल्डिंग. सहा वर्षांपासून मी तिची सेक्रेटरी आहे. कशी झाले? ज्या सभेला मी नव्हतेच, त्या सभेत मला सर्वानुमते निवडलं. मी भाचीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले होते. परत येते तर गेटवरच अभिनंदन! सरकारी ऑफिसातून स्टेनो म्हणून रिटायर झालेली बाई, मग काय, "मॅडमले लिहायची सवयच आहे," म्हणून सारे मोकळे झाले.

लिहायची सवय आहे, म्हणजे कोणाचंही काहीही ऐकून घ्यायची सवय आहे असं नाही. सभेचं इतिवृत्त लिहिणं हा काय ताप असतो ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. आमच्याकडे रीतच अशी, की माणूस बोलायला उभा राहिला की आधी माझ्याकडे बोट दाखवतो, "हे लिहू नका हो मॅडम," आणि मग जे लिहायचं नाही तेच अर्धा तास बोलतो. मी बापडी ते सोडून देते आणि "चर्चा होऊन सर्वानुमते ठरले" एवढं लिहिते. पुढच्या सभेत तोच माणूस रजिस्टर हातात घेऊन उभा: "मी तर विरोध केला होता, तो कुठं गेला?" गच्चीच्या कुलपावरून तर मला खोटारडी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. कुलूप लावा असं तिसऱ्या माळ्यावरचे रिटायर बँकवाले स्वतः बोलले होते, माझ्या या कानांनी ऐकलं होतं, आणि महिन्याभरानं म्हणतात, "मी असं बोललोच नाही." त्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मशीनच लिहील. भांडा काय भांडायचं ते मशीनशी.

मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातला पोट्टा हसत हसत सांगत होता की कोडिंगचा क सुद्धा यायची गरज नाही, चौकोन ओढायचे, रेघेनं एकमेकांना जोडायचे, पाच मिनिटांत काम फत्ते. पहिला चौकोन ऑनलाइन फोल्डरवर नजर ठेवणार, रेकॉर्डिंग आलं की उचलणार. दुसरा ते रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणाऱ्या सेवेकडे पाठवणार. तिसरा आलेला मजकूर ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये ओतणार. चौथा त्या डॉक्युमेंटची लिंक यादीतल्या सगळ्यांना मेल करणार. पाच मिनिटं म्हणे! त्या पोट्ट्याला माझ्यासमोर आणून बसवा एकदा. मला तीन आठवडे लागले.

पहिल्या आठवड्यात माझ्या फोनचं रेकॉर्डिंगच त्या सेवेला चालेना. "ही फाइल स्वीकारता येत नाही." का येत नाही? ते सांगायचं नाही. मी साहेबांसमोर अशी नोट ठेवली असती तर साहेबांनी ती माझ्या अंगावर फेकली असती. ते सुधारलं, तर दर तिसऱ्या दिवशी लाल पट्टी यायची, "जोडणी संपली, पुन्हा जोडा." मी जोडायची. ती पुन्हा संपायची. मग एक दिवस कहरच झाला. तयार झालेलं डॉक्युमेंट कुठं ठेवायचं असं विचारलं तेव्हा मी भोळेपणानं तोच रेकॉर्डिंगचा फोल्डर दिला होता. झालं! डॉक्युमेंट फोल्डरमध्ये पडलं, की पहिल्या चौकोनाला वाटायचं नवीन रेकॉर्डिंग आलं, तो ते ऐकायला पाठवायचा, तिकडून "या फाइलमध्ये आवाज नाही" असं उत्तर यायचं, त्या उत्तराचं नवीन डॉक्युमेंट व्हायचं, ते पुन्हा फोल्डरमध्ये. मी भाजी घेऊन परत आले तोवर दीडशे डॉक्युमेंट झाली होती, आणि प्रत्येकात तेच एक वाक्य.

नशीब, चाचणीच्या यादीत फक्त माझा आणि आमच्या घरच्यांचा, म्हणजे नवऱ्याचा, पत्ता टाकला होता. घरचे सोफ्यावर फोन घेऊन बसलेले.

"अवं, तुह्या मशीनचे दीडशे मेल आले मले. काय सांगून राहिली तू?"

"काही नाही. गप्प बसा."

"काहून चिडून राहिली वं एवढी? इतक्यात हातानं चार सभा लिहून झाल्या असत्या तुह्या."

हेच. हेच ऐकायला मी जिवंत आहे. मी डॉक्युमेंटसाठी वेगळा फोल्डर केला आणि चष्मा पुसून पुन्हा चौकोन जोडत बसले. शेवटी एकदा आम्हा दोघांचं भांडण मी मुद्दाम रेकॉर्ड केलं, आणि ते मराठीत टाइप होऊन आलं. मशीनला नावं कुठून माहीत असणार? जो आधी बोलेल तो वक्ता एक, त्यानंतर ज्याचा आवाज येईल तो वक्ता दोन, असं ते आवाजावरून ओळखून लिहायचं. आमच्या भांडणात वक्ता एक मी होते. ते काही सांगायला नको.

आता आमच्या चौकीदारांचं सांगते, कारण डिसेंबरातली ती सभा त्यांच्यामुळेच होती. चौदा वर्षांपासून ते आमच्या गेटवर. जिन्याखाली पंपाच्या शेजारी एक खोली आहे, तिथं ते, त्यांची बायको आणि मुलगी. मुलगी बारावीला. सोसायटीत प्रस्ताव आला होता की गेट आपोआप उघडणारं बसवायचं, कॅमेरे लावायचे आणि एजन्सीचे गार्ड ठेवायचे. म्हणजे चौकीदारांची नोकरी गेली, आणि खोली गार्डच्या सामानाला हवी म्हणून खोलीही गेली. नोकरी वाचणार नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. सभेच्या आदल्या दिवशी ते वर आले आणि चपला काढून दाराबाहेरच उभे राहिले.

"आत या ना."

"नाही मॅडम, इथंच बरं आहे. नोकरीचं जे होईन ते होईन. खोलीचं तेवढं बोलजा उद्या. पोरीची परीक्षा होयेपर्यंत राहू द्या म्हणा. सेंटर इथंच जवळ भेटते तिले. मार्चात आम्ही स्वतःच निघून जाऊ."

एवढंच मागणं. तीन महिने, एक अंधारी खोली, तीही पंपाच्या आवाजातली. मला त्या सगळ्या सोसायटीचाच राग आला.

"काळजी करू नका. मी बोलते. शब्द देते तुम्हाला."

"तुम्ही म्हटलं म्हणजे झालं मॅडम," असं म्हणून ते उतरून गेले. संध्याकाळी कणीक मळताना उद्या काय बोलायचं ते मी मनातल्या मनात चार वेळा म्हटलं. मुलीचं वर्ष आहे. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. चौदा वर्षं माणसानं आपलं गेट सांभाळलं. चांगलं बांधीव भाषण होतं, अजून आठवते मला.

रविवारी दहाला सभा. आमची सभा पार्किंगमध्ये होते. ज्यानं त्यानं आपली खुर्ची घेऊन यायची, दोन स्कूटर सरकवायच्या, आणि सभा संपली की सगळ्यांनी मिळून तर्री-पोहे खायचे. पोहे नसले तर अर्धे लोक येतच नाहीत, हेही सांगून ठेवते. चौथ्या चौकोनात चाचणीच्या यादीच्या जागी सोसायटीची नेहमीची मेलची यादी आदल्या रात्रीच टाकली होती. मी स्टुलावर फोन ठेवला आणि काही सुटू नये म्हणून लोक बसत होते तेव्हाच रेकॉर्डिंग सुरू केलं. अध्यक्षांनी चौकीदारांना चौकात पोहे सांगायला पाठवलं, बाराच्या सुमारास गरम घेऊनच या म्हणून.

त्यानंतरचे दोन तास आठवले की आजही माझं बीपी वाढते. टाकीच्या सफाईचा विषय होता, तर बँकवाले कबुतरांवर बोलायला लागले. वीस मिनिटं कबुतरं! कोणाच्या बाल्कनीत बसतात, कोण दाणे टाकते, कोणाच्या सासऱ्याला दमा आहे. एकानं गाडीवरच्या ओरखड्याचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. दुसऱ्याचा फोन वाजला तर त्यानं तिथंच बसून भाच्याच्या लग्नाचं बोलणं उरकलं. मी प्रत्येकाला सांगतेय, "विषयावर या, विषयावर या," आणि कोणाला म्हणून फरक नाही. गेटचा विषय शेवटचा होता. तो निघाला तेव्हा बारा वाजत आले होते, आणि तितक्यात चौकीदार पोह्यांचा डबा आणि चण्याच्या तर्रीची बरणी घेऊन आले, ठेवलं आणि प्लेटा आणायला मागं गेले. वास सुटला तसे लोक उठायलाच लागले. गोंधळात ठरलं ते असं: एक जानेवारीपासून एजन्सी, त्याआधी खोली रिकामी.

मी पोहे खाल्ले नाहीत. रागानं घरी येऊन फोनमधलं रेकॉर्डिंग फोल्डरमध्ये टाकलं आणि पडून राहिले. संध्याकाळी सहाला दूध आणायला उतरले तर चौकीदार गेटवर. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण सांगायला तर हवं.

"मी खूप सांगून पाहिलं हो," मी म्हटलं. "मुलीचं वर्ष आहे, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, सगळं सांगितलं. पण एकटीचं कोण ऐकते? हे लोक असेच आहेत. माणुसकी म्हणून नाही राहिली."

"हो मॅडम," ते म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी गेट उघडून धरलं. मी दूध घेऊन परत आले तेव्हाही धरलं.

सोमवारी सकाळी चहा ठेवला आणि फोन पाहिला, तर डॉक्युमेंट तयार! अख्खं! तीन आठवड्यांत पहिल्यांदा चारही चौकोनांसमोर हिरवी खूण. मी एवढ्यानं ओरडले की घरचे दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. आम्ही दोघं टेबलाशी बसून वाचायला लागलो. काय सांगू, एक शब्द सुटला नव्हता. कबुतरं, दमा, ओरखडा, सगळं. अध्यक्षांचं "चला, बसा लवकर" सुद्धा होतं. आता करा म्हणावं "मी बोललोच नाही"! मी सरळ शेवटी गेले, गेटच्या विषयावर.

वक्ता दोन: त्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे. परीक्षेपर्यंत खोली राहू द्या ना त्यांना.

वक्ता तीन: आता नवीन विषय काढू नका बाप्पा. दोन तास झाले.

वक्ता दोन: नाही, पण तीन महिन्यांचाच प्रश्न…

वक्ता तीन: विषयपत्रिकेत आहे का ते? नाही ना? मग झालं. एक जानेवारीपासून एजन्सी, खोली त्याआधी रिकामी. मंजूर धरा. पोहे थंड होऊन राहिले.

"पाहा," मी घरच्यांना म्हटलं, "मी कशी सांगून राहिले आणि हा बँकवाला मला कसा तोडून राहिला! वाक्य पूर्ण करू देत नाही मेला." माझा संताप संताप झाला. हा वक्ता तीन आणखी काय काय बोलला ते पाहायला मी डॉक्युमेंट वर सरकवत गेले. तो सगळीकडे होता. अध्यक्षांना तोडलं, "तुमचं झालं असेल तर पुढे जाऊ." टाकीवाल्याला तोडलं. ज्याच्या सासऱ्याला दमा होता त्याला म्हणाला, "दम्याचं डॉक्टरला सांगा, मला नका सांगू." बँकवाल्यांना तर कबुतरांवरून तीनदा गप्प केलं. बँकवाल्यांनी बँकवाल्यांना गप्प केलं? मी थांबले. त्याच्या खालची ओळ होती:

वक्ता तीन: सहा वर्षांपासून फुकटात लिहून राहिले मी. रिटायर झाले म्हणून तुमची मोलकरीण नाही झाले.

घरच्यांनी चष्मा काढला. "अवं," ते हळूच म्हणाले, "हे तर तू बोलली असशीन."

मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. माझाच आवाज. आणि तो वक्ता दोन म्हणजे पहिल्या माळ्यावरची किरायादार बाई, दोन वर्षांत सभेत तोंड न उघडलेली. लोक बसत होते तेव्हा "खुर्ची इथं ठेवू का?" एवढं तिनं अध्यक्षांना विचारलं होतं, म्हणून ती वक्ता दोन. चौकीदारांसाठी जे मी कणीक मळताना मनात म्हटलं होतं, ते तिनं सभेत उभं राहून म्हटलं होतं, आणि मी तिला बसवलं होतं. मी ते बोलले असं मला खरंच वाटत होतं. चौकीदारांशी मी मुद्दाम खोटं बोलले नाही, हे मी तेव्हा स्वतःला तीनतीनदा सांगितलं. ते सांगून काहीही झालं नाही. हातानं लिहिलं असतं तर मी "चर्चा होऊन सर्वानुमते ठरले" लिहून मोकळी झाले असते आणि आयुष्यभर माणुसकीच्या नावानं दुसऱ्यांना बोल लावत राहिले असते.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते त्या चार ओळी पुसून टाकायचं. बोट ठेवलंही होतं. मग आठवलं की चौथा चौकोनही हिरवा आहे, म्हणजे लिंक सगळ्यांना गेली. यादी उघडली. सोळा घरं, आणि खाली सतरावा पत्ता. उन्हाळ्यात टँकरची वेळ कळवायला सोपं जावं म्हणून चौकीदारांचा पत्ता मीच त्या यादीत टाकला होता. मुलीनं दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला उघडलेला, तिच्याच नावाचा. मी फोन पालथा ठेवला. ते लोक कुठं मेल पाहत बसतात, असं मी मनाशी म्हटलं.

पण दिवसभर काही सुचेना. संध्याकाळी लोक कामावरून परतले तसा मी एक कागद लिहिला, की चौकीदारांच्या कुटुंबाला मार्चअखेरपर्यंत खोलीत राहू देण्यास आमची हरकत नाही, आणि दारोदार फिरले. मला वाटलं होतं भांडावं लागेल. कशाचं काय! पेन पुढे केलं की सही. आत बोलावून चहा विचारायचे आणि सही करायचे. बँकवाले तर म्हणाले, "अहो मॅडम, आम्हाले काय अडचण होती? तुम्ही म्हटलं विषयपत्रिकेत नाही, मले वाटलं नियमात बसत नसंन. तुम्ही एवढ्या तापल्या होत्या, कोण बोलणार?" मला त्यांचा भयंकर राग आला, आणि यावेळी तो करायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं. पहिल्या माळ्यावरच्या बाईचं घर किरायाचं, तिची सही चालत नाही. तिला कागद दाखवला. तिनं वाचला, "बरं झालं," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

साडेसातला माझी धरून पंधरा सह्या घेऊन मी खाली गेले. खोलीचं दार उघडं होतं. पेटीला दोरी बांधून झाली होती, भांडी पोत्यात भरलेली. मुलगी कोपऱ्यात पुस्तकं दोन पिशव्यांत लावत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे काय? जानेवारीला तर अजून वेळ आहे," मी म्हटलं.

"वाडीले खोली पाहिली मॅडम, गोदामाच्या मागं. साळा राहते माहा तिथं, पोरीचा मामा. उद्या सामान नेतो."

"वाडी? अहो, शहराच्या पार त्या टोकाला! परीक्षेला रोज तिथून येणार ही? हे पाहा, मी सगळ्यांच्या सह्या आणल्या. मार्चपर्यंत कोणी हलवत नाही तुम्हाला."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, दिव्याखाली धरून पाहिला आणि मुलीकडे वळले. "काय म्हणते वं?"

"नाही बाबा," ती पुस्तकांवरून मान न उचलता म्हणाली. "इथं नाही आता."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिला. "लय मेहनत केली तुम्ही मॅडम. पण पोरगी नाही म्हणते."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "तुम्ही ते वाचलं का? मेलवर आलं होतं ते?"

"पोरीनं वाचून दाखवलं. साफ लिहून येते तुमच्या मशीनमंधून, सगळं समजलं."

"कधी?"

"काल दुपारीच. मेल आला तवाच."

काल दुपारी. म्हणजे संध्याकाळी सहाला मी दुधाची पिशवी हातात धरून त्यांना माणुसकीचं सांगत होते, तेव्हा त्यांना एकूण एक ओळ माहीत होती. आणि त्यांनी माझ्यासाठी दोनदा गेट उघडून धरलं होतं.

"मग काल मी एवढं सांगत होते तेव्हा तुम्ही काही म्हटलं का नाही मला?" माझा आवाज चढला होता. तेव्हाही चढलाच.

ते जरा गोंधळले, आपलंच काही चुकल्यासारखे.

"तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना मॅडम," ते म्हणाले. "मधात कसं बोलू?"